जोडीने वाढलेली दोन मांजरं एकत्रच द्यायची आहेत. सुरक्षित घर कसं शोधावं?

वळचण

नमस्कार मंडळी,
मावशीची दोन मांजरं सध्या माझ्याकडे आहेत. बोका सोन्या, वय ७, आणि भाटी टिकली, वय ६. पडल्यापासून मावशीला एकटीने राहणं जमत नाही, त्यामुळे ती मुलीकडे राहायला गेली. तिथे नातवाला दमा आहे आणि मांजरं आसपास असली की तो बळावतो. बरेच दिवस औषधं चालू ठेवून बघितलं, शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. माझ्या घरी कुत्रा आहे. मांजराचा वास आला की तो दार ओरबाडत बसतो, म्हणून ही दोघं एका खोलीत बंद. खाणं-पिणं, खेळणं सगळं तिथेच. असं किती दिवस ठेवणार?

ओळखीपाळखीत सांगितलं, फोटो पाठवले. फोन बरेच येतात, पण प्रत्येकाला एकच मांजर हवंय. "फक्त बोका द्या", "ती छोटी गोड आहे, ती चालेल". दोन म्हटलं की समोरून "कळवतो" आणि मग गप्प. एक गृहस्थ तर म्हणाले, "मांजरं घराला चिकटतात, एकमेकांना नाही. चार दिवसांत विसरतील."

मला ही जोडी फोडायची नाही. यावर ठाम राहावं ना? आणि समोरचं घर खरंच सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा.

शेपटीवाला

टिकली हरवते आणि सोनं चोरीला जातं, त्यामुळे दोघांना एकाच डबीत ठेवा. ठाम राहा!

उन्हाळी_पाऊस

वळचण, आधी एक विचारते. ती खरंच एकमेकांना धरून आहेत, की नुसती एका घरात राहिलेली आहेत? दोन्हीत बराच फरक असतो. कित्येक मांजरं वर्षानुवर्षं एका छताखाली काढतात, पण एक जण सोफ्यावर आणि दुसरा कपाटावर. भांडण नाही आणि मैत्रीही नाही. अशी दोन वेगळ्या घरी गेली तर उलट खूशच होतात.

सख्खी भावंडं म्हणजे जोडी असंही नाही. आमच्याकडची भावंडं दोन वर्षांची झाल्यावर एकमेकांचं तोंड बघेनात. तुमची झोपताना अंगाला अंग लावून असतात का? एकमेकांचं डोकं, कानामागचा भाग चाटतात का? एक जण खोलीत आला की दुसरा शेपटी ताठ करून पुढे जातो का? एकाला बाहेर नेलं तर मागे राहिलेलं काय करतं? हे लिहा, मग नीट सांगता येईल.

वळचण

छान विचारलंत. ही भावंडं नाहीत. सोन्या आधीपासून होता, टिकली नंतर पिल्लू असताना आली. मावशी सांगते की पहिल्या आठवड्यात तो तिच्यावर फिसकारायचा, आणि मग एके दिवशी तिला मानेशी दाबून धरून चाटूनच काढलं.

आता रोजचं सांगते. दोन वाट्या शेजारी ठेवल्या तरी टिकली आधी खात नाही. वाटीसमोर बसते आणि मागे वळून बघत राहते. सोन्या आला, त्याने तोंड घातलं, की मग ती. झोपताना तिची हनुवटी त्याच्या पाठीवर. मध्यंतरी सोन्याचा एक दात काढायला दवाखान्यात नेलं होतं. तो पूर्ण दिवस ती दाराच्या खालच्या फटीला नाक लावून बसली. मी समोर वाटी सरकवली, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मधूनच एक लांब, खोल आवाज काढायची, तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

तरी एक गोष्ट मलाही कळली नाही. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा तीच त्याच्यावर फिसकारली! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळ येऊ देईना.

जुनी_खोड

आलं ना उत्तर? दिवसभर विरहात होती म्हणता आणि आल्या आल्या फिसकारली. ही आपली माणसांची प्रेमाची कल्पना मांजरांवर लादणं आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका: एका मांजराला घर दहा मिळतील, जोडीला एखादं. दोघांना महिनोन् महिने एका खोलीत कोंडून ठेवण्यापेक्षा दोन चांगली घरं बघा.

पशुवैद्य

जुनी_खोड, फिसकारण्याचा अर्थ तसा काढता येणार नाही. मांजरं एकमेकांना मुख्यतः वासावरून ओळखतात. जवळची मांजरं सतत अंगं घासून, चाटून एक सामाईक वास तयार करतात. दवाखान्यातून आलेल्या सोन्याला जंतुनाशकाचा, औषधाचा, दुसऱ्या जनावरांचा वास होता आणि भुलीमुळे त्याची चालही बदललेली असणार. टिकलीच्या दृष्टीने सोन्यासारखा दिसणारा कोणी परका घरात शिरला होता. अगदी घट्ट जोड्यांमध्येही हे होतं आणि वास पुन्हा एक झाला की बहुतेकदा निवळतं. पुढच्या वेळी दोघांना बरोबरच न्या, किंवा आल्यावर काही तास वेगळ्या खोलीत ठेवून त्याच्या अंगावर दोघांचं अंथरूण टाका.

आता जोडीबद्दल. मांजर एकलकोंडं असतं हा समज जुना आहे. शिकार ते एकटं करतं, पण राहणं समूहात असू शकतं. शॅरन क्रोवेल-डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांजरांच्या सामाजिक रचनेवर सविस्तर शोधनिबंध लिहिला. समूहातली मांजरं सगळ्यांशी सारखी वागत नाहीत, त्यांचे ठरावीक सोबती असतात, हे त्यात मांडलंय. चाटणं, अंग घासणं, चिकटून झोपणं ही त्याचीच चिन्हं. वळचणताईंनी लिहिलेलं सगळं त्यात बसतं. माझ्या मते ही जोडी आहे.

टिकलीचं न खाणं मात्र गंभीरपणे घ्या. मांजर, विशेषतः अंगाने भरलेलं, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. नवीन घरी वेगळी पाठवली आणि तिने अन्न सोडलं, तर हा नुसता हळवेपणाचा मुद्दा राहत नाही.

खारूताई

पशुवैद्यांशी शंभर टक्के सहमत. माझा अनुभव लिहिते.

आम्ही एक भाटी दत्तक घेतली. देणाऱ्यांनी सांगितलं, एकटीच वाढलीय. आल्यापासून पलंगाखाली. रात्री घरभर ओरडत फिरायची. हळूहळू तिने पोटावरचे केस चाटून चाटून काढले, खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. रक्त तपासलं, त्वचा तपासली, बुरशी नाही, पिसवा नाहीत. शेवटी मी देणाऱ्यांना खनपटीला बसून विचारलं, तेव्हा कबूल केलं की एक बोका होता बरोबर, तो दुसरीकडे दिला. आधी सांगितलं असतं तर "दोन कोण घेणार" अशी त्यांना भीती!

त्या दुसऱ्या घरी फोन केला. तिकडे बोका दिवसभर खिडकीत बसून असायचा, खेळत नव्हता. ती मंडळी खरंच मोठ्या मनाची, म्हणाली, "त्याला तुमच्याकडे बरं वाटणार असेल तर घेऊन जा." दोघांना समोरासमोर आणलं. आधी नाकाला नाक, मग तिने त्याच्या कानाचा वास घेतला आणि तिथेच चाटायला सुरुवात केली. पोटावरचे केस परत आले.

तेव्हा वळचण, लोकांना पहिल्या वाक्यातच सांगा: दोघं एकत्र, हीच अट. फोटोसुद्धा एकेकट्याचे टाकू नका. एकटा फोटो दिसला की लोक एकच मागतात.

उन्हाळी_पाऊस

फोटोची सूचना अगदी पटली. जमल्यास ते वाटीपाशी वाट बघतानाचं चित्रीकरण टाका. ते बघून जो "एकच द्या" म्हणेल त्याला देऊच नका.

जुनी_खोड

पशुवैद्यांचं वासाचं स्पष्टीकरण पटलं, तेवढा मुद्दा मागे घेतो. पण मूळ म्हणणं कायम आहे. जोडी टिकवण्याच्या हट्टापायी ती कोंडून राहिली तर त्याची किंमत कोण मोजतंय? तीच दोघं. शिवाय सगळ्या जोड्या सारख्या नसतात. एक दुसऱ्याला सतत दामटत असेल, वाटीपासून हुसकत असेल, तर वेगळं करणंच भलं.

पशुवैद्य

दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. एकाच्या भीतीने दुसरं लपून राहत असेल तर ती जोडी नव्हे. पण इथे तसं दिसत नाही. आणि खोलीचं म्हणाल तर उंच फळ्या, खिडकीतून बाहेर बघायची सोय, लपायला खोकी, दिवसातून दोन-तीनदा दोरीला बांधलेल्या पिसाशी खेळ, एवढं असेल तर दोन मांजरं एका खोलीत बरेच दिवस ठीक राहतात. एकटं मांजर त्या खोलीत जास्त कंटाळेल.

पिंगळा

मी बरीच वर्षं मांजरांना घरं शोधून द्यायचं काम करते. थोडं मोठं होईल, पण लिहितेच.

"चांगल्या घरी मोफत देणे आहे" अशी उघडी जाहिरात टाकू नका. अशा जाहिरातींवर चांगली माणसंही येतात, पण पिल्लं काढून विकणारे, घेऊन पुढे विकणारे, आणि घरात आधीच सांभाळता येत नाहीत इतकी जनावरं भरून ठेवलेलेही येतात. आधी ओळखीतून, व्हेटच्या दवाखान्यातून, मांजरं नीट पाळणाऱ्या लोकांकडून शब्द पसरवा. व्हेटला माहीत असतं कोणाचं म्हातारं मांजर नुकतं गेलंय आणि कोण पुन्हा तयार आहे.

दोघांची नसबंदी झालेली असावी, नसेल तर देण्याआधी करा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, त्यामुळे "नंतर करून घेऊ" या आश्वासनावर विसंबून राहू नये.

मग माणसाशी बोला, आणि फॉर्म भरून घेण्यापेक्षा गप्पा मारा. मी विचारते, "याआधी कोणतं मांजर होतं? त्याचं पुढे काय झालं?" या एका प्रश्नात निम्मं कळतं. "गेलं कुठेतरी", "गाडीखाली आलं, मग दुसरं आणलं, तेही गेलं" असं सहज कोणी सांगितलं की मी तिथेच थांबते. "शेवटी मूत्रपिंडं गेली होती, रोज सलाईन द्यायचो" असं सांगताना ज्याचा आवाज बदलतो, त्याच्याशी पुढे बोलते. त्यांच्या व्हेटशी एकदा बोलायची परवानगी मागा. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती बघा. घरातल्या प्रत्येकाला मांजरं हवी आहेत ना, हे प्रत्येकाच्या तोंडून ऐका.

घर बघितल्याशिवाय देऊ नका. मी गेल्यावर आधी खिडक्या बघते. जाळी आहे का, हाताने दाबली तर वाकते का, गच्चीचं दार आपोआप लागतं का. "मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं, काही होत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या दोन पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण त्यात मोडलेले जबडे, फुटलेले दात, छातीला बसलेला मार हेही होतं. शिवाय जी जागीच गेली ती रुग्णालयात पोचलीच नाहीत, म्हणजे मोजणीतच नाहीत.

फुलदाणीत लिली असेल तर मांजर असलेल्या घरात ती चालणार नाही हे सांगा. नुसते परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारक आहे, आणि कुत्र्यांच्या पिसवांवरचं परमेथ्रिन असलेलं औषधही. हे ऐकल्यावर जो "अरे बापरे, बरं झालं सांगितलंत" म्हणतो, तो माणूस शिकायला तयार असतो. तेवढं पुरतं.

धाकटी_पाती

पिंगळाताई, माहिती उत्तम, पण इतकी उलटतपासणी केली तर चांगला माणूसही पळून जाईल. मला एकदा एकीने घराचे फोटो, पगार, लग्नाचा विचार, सगळं विचारलं होतं. मी नाद सोडला आणि रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं. ते आता माझ्या मांडीवर झोपलंय.

पिंगळा

धाकटी_पाती, पगार आणि लग्न विचारणं चूकच, तुमचा राग रास्त आहे. मी अडून बसते ती फक्त मांजराच्या जिवाशी संबंध असलेल्या गोष्टींवर. आणि एकतर्फी विचारत नाही. मांजरांबद्दल सगळं खरं सांगते, त्यातलं वाईटही. सोन्या सोफा ओरबाडत असेल तर सांगायचं, टिकली पाहुण्यांना घाबरून लपत असेल तर सांगायचं. लपवून दिलेलं मांजर परत येतं.

चांदणी

थोडं विषयांतर, पण याच संदर्भात. माझ्या बहिणीला दिवस गेलेत आणि घरातले सगळे तिच्या मागे लागलेत की दोन्ही मांजरं देऊन टाक, बाळाला धोका आहे. तिचीही जोडीच आहे. ती रडकुंडीला आलीय. खरंच द्यावी लागतात का?

पशुवैद्य

चांदणी, नाही. धोका टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा. मांजराला तो पहिल्यांदा झाला की साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, नंतर सहसा नाही. त्यातही ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, अंडी संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर ट्रे रोज साफ व्हावा आणि गरोदरपणी तो घरातल्या दुसऱ्या कोणी करावा. दुसरं कोणी नसेल तर हातमोजे घालून करायचा आणि नंतर साबणाने हात धुवायचे. मांजरांना कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर शिकारीला सोडायचं नाही. माणसांना लागण अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून, मातीतूनही होते, त्यामुळे मांजरं घालवून हा प्रश्न सुटतच नाही. बहिणीने तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी रक्ततपासणीबद्दल बोलावं.

चांदणी

खूप आभार. हा प्रतिसाद जसाच्या तसा सासूबाईंना वाचून दाखवते.

शेपटीवाला

सासूबाईंना मांजरंही दाखवा. मांडीवर एकदा घुर्रघुर्र सुरू झालं की मोठमोठे विरोधक विरघळलेले पाहिलेत.

धाकटी_पाती

मग अ‍ॅलर्जीचं काय? वळचणताईंच्या मावशीचं घर त्यामुळेच सुटलं ना. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना बिनकेसांचं मांजर चालतं म्हणतात.

पशुवैद्य

अ‍ॅलर्जी केसांची नसते. मुख्य कारण फेल डी १ नावाचं प्रथिन, ते लाळेत आणि त्वचेच्या तेलग्रंथींत असतं. मांजर अंग चाटतं, ते वाळतं, त्याचे बारीक कण हवेत राहतात. बिनकेसांच्या मांजरातही ते असतंच. हवा गाळणारं यंत्र, झोपायच्या खोलीत मनाई, औषधं यांनी पुष्कळांचं भागतं, पण लहान मुलाचा दमा बळावत असेल तर डॉक्टरांचं ऐकायलाच हवं. मावशींचा निर्णय बरोबर आहे. मांजर गेल्यावरही ते कण घरात काही महिने टिकतात, म्हणून घेणाऱ्या घरात कोणाला दमा नाही ना, हे आधीच विचारा. शक्य असेल तर त्या सगळ्यांना तुमच्या त्या खोलीत तासभर बसू दे.

वळचण

हे किती उपयोगाचं आहे! तासभर बसवायची कल्पना मला सुचलीच नसती.

एक विचारायचं होतं. काल एकाचा निरोप आला: दोन्ही घेतो, मी बाहेरगावी असतो, माझा माणूस येऊन घेऊन जाईल, फक्त प्रवासाच्या नोंदणीसाठी तुम्ही आगाऊ थोडे पैसे भरा, नंतर सगळे परत देतो. घराचे फोटो सुंदर आहेत. यावर विश्वास ठेवावा का?

पिंगळा

अजिबात नको! ही ठरलेली फसवणूक आहे. जो माणूस समोर येत नाही, बोलताना चेहरा दाखवत नाही आणि पैसे मागतो, तो मांजरांसाठी आलेला नाही. लगेच ब्लॉक करा. घर मी प्रत्यक्ष बघणार आणि मांजरं माझ्या हाताने पोचवणार, एवढी एक अट ठेवलीत की असे लोक आपोआप गळतात.

उन्हाळी_पाऊस

खरं आहे. आणि स्वतःच्या घराचा पत्ता सरसकट कोणालाही देऊ नका. पहिली भेट बाहेर, नाहीतर त्यांच्याच घरी, बरोबर कोणाला तरी घेऊन.

पशुवैद्य

वळचणताई, त्यांची कागदपत्रं आत्तापासून एका फाइलमध्ये लावा. लसींच्या नोंदी (पॅनल्युकोपेनिया, हर्पीस, कॅलिसी यांची एकत्रित लस आणि रेबीजची), जंतांचं औषध, सोन्याच्या दाताचा अहवाल, नसबंदीचा कागद. ल्युकेमिया विषाणूची तपासणी दोघांचीही करा. तो लाळेतून पसरतो आणि ही दोघं दिवसभर एकमेकांना चाटतात, म्हणजे एकाला असेल तर दुसऱ्यालाही धोका, आणि नव्या घरात तिसरं मांजर असेल तर त्यालाही.

सोन्याबद्दल नव्या मालकांना एक आवर्जून सांगा. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय आणि लघवी थेंबथेंब किंवा काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला तर २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. घर बदलण्याचा ताण असताना हे जास्त बघायला मिळतं.

वळचण

दोघांची रक्ततपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह!

आणि बातमी आहे. आमच्या व्हेटच्या ओळखीतून दोन घरं पुढे आलीत, दोघांनाही जोडीच हवीय.

पहिलं घर तरुण जोडप्याचं. मोठी मोकळी गच्ची, घरात दोन वर्षांची मुलगी. "तिला खेळायला सोबत होईल" म्हणून हवीत. माणसं अगदी लाघवी. गच्चीला जाळी नाही, "बघू, लावून घेऊ" म्हणाले.

दुसरं घर दोन बहिणींचं, दोघी साठीच्या पुढच्या. त्यांचं मांजर १७ वर्षांचं होऊन गेलं. खिडक्यांना जाळ्या आहेतच. मी गेले तेव्हा धाकटीने जुन्या मांजराच्या औषधांची वही दाखवली, वेळ आणि मात्रा टिपलेल्या. घर लहान आहे. मला काळजी एकच, वयाची. मावशीच्या बाबतीत जे झालं तेच पुन्हा झालं तर?

धाकटी_पाती

वही! माझं मत दुसऱ्या घराला.

जुनी_खोड

माझंही दुसऱ्यालाच. लहान मुलाला खेळणं म्हणून जनावर आणू नये. सात वर्षांच्या बोक्याला शेपटी ओढणारं पोर नको असतं, तो बोचकारतो आणि मग सगळे त्यालाच दोष देतात. मुलं असलेल्या घरात मांजरं सुखाने राहतात, पण तिथे आईबापांनी मांजर स्वतःसाठी आणलेलं असतं.

आणि तुमच्याशी इतका वाद घातला, पण जोडीला दोन-दोन घरं मिळाली हे वाचून मनापासून आनंद झाला. धीर धरलात ते बरोबर होतं.

खारूताई

घर लहान असल्याची चिंता करू नका. मांजराला फरशीपेक्षा उंची लागते. भिंतीवर चार फळ्या लावल्या की लहान घरही मोठं होतं.

पिंगळा

वयाचा प्रश्न रास्त आहे, पण त्यावरून नाही म्हणू नका. सहा-सात वर्षांच्या मांजरांना शांत घर आणि दिवसभर माणसांची सोबत यापेक्षा अजून काय हवं? फक्त मोकळेपणाने विचारा: तुम्हाला काही झालं तर यांचं कोण बघेल? भाचा, शेजारीण, कोणीही, पण नाव हवं, आणि त्या व्यक्तीशी तुमचं बोलणं व्हायला हवं. ते करारात लिहा.

करार एका पानाचा पुरतो. दोघांना वेगळं करायचं नाही, दुसऱ्या कोणाला परस्पर द्यायचं नाही, जमलं नाही तर मांजरं तुमच्याकडेच परत. पहिला महिना चाचणीचा ठेवा, म्हणजे कोणालाच अवघड वाटणार नाही. पहिल्या घरालाही तोंडावर नकार देऊ नका. जाळी बसवा, मुलगी थोडी मोठी होऊ दे, मग एखादं धीट, माणसाळलेलं मांजर मीच शोधून देईन.

वळचण

बहिणींशी बोलले. माझ्या आधी त्यांनीच विषय काढला! भाची जवळच राहते, तिच्याकडे स्वतःचं मांजर आहे, आणि जुन्या मांजराच्या शेवटच्या दिवसांत तीच येऊन सुई द्यायची. तिच्याशी बोलणं झालं, तिने करारावर सहीसुद्धा केली. दोघी बहिणी आमच्या त्या खोलीत तासाहून जास्त बसल्या. टिकली कपाटामागे होती, बाहेर आली नाही. सोन्या मोठीच्या चपलेवर गाल घासून गेला. जाताना मोठी म्हणाली, "ती आली नाही तरी चालेल, तिला वेळ लागू दे." मावशीला फोनवर सांगितलं, ती खूप वेळ सोन्याबद्दलच बोलत होती. बहिणींनी तिला भेटायला यायचं आमंत्रण दिलंय.

आता न्यायचं कसं ते सांगा. दोघांना एकाच कॅरियरमध्ये ठेवू का, म्हणजे धीर येईल?

पशुवैद्य

दोन वेगळे कॅरियर, शेजारी शेजारी. अरुंद जागेत घाबरलेलं मांजर समोर जो असेल त्याच्यावर राग काढतं, मग तो सोन्या असला तरी, आणि नव्या घरी पोचतानाच दोघांत बिनसलं तर सगळ्यांनाच जड जाईल. कॅरियर आजपासून खोलीत उघडे ठेवा, आत त्यांचं रोजचं न धुतलेलं अंथरूण. निघताना वरून चादर टाका.

तिथे पहिले काही दिवस एकच खोली. ट्रे तीन, म्हणजे मांजरं दोन आणि वर एक, आणि खाण्यापासून लांब. लिटर आणि खाणं तेच जुनं, बदल नंतर हळूहळू. लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या, दोघांना वेगवेगळं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं, त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच इतरांपेक्षा लवकर उतरला होता. टिकलीला ओढून बाहेर काढू नये, हे त्या बहिणींना सांगायची गरज दिसत नाही! फक्त ती खातेय ना यावर नजर असू द्या. २४ तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन.

खारूताई

आणि पोचल्या पोचल्या खिडकी-दार दोनदा तपासा. बहुतेक मांजरं पहिल्या काही दिवसांतच पळतात, जुनं घर शोधायला.

पिंगळा

मायक्रोचिप आहे का दोघांना? असेल तर नोंदणीत मावशींचा फोन असेल, तो बदलून घ्या. चिपमध्ये फक्त १५ अंकी क्रमांक असतो, ती ठिकाण दाखवत नाही, त्यामुळे नोंदणीतला फोन जुना राहिला तर चिप असूनही उपयोग नाही. बहिणींचा आणि भाचीचा, दोन्ही क्रमांक टाका.

वळचण

दोघांना आहे. मावशीकडून नोंदणीचा पासवर्ड घेतला, दोन्ही क्रमांक घातले. दुसरा कॅरियर व्हेटने उसना दिलाय. शनिवारी सकाळी निघतोय.

शेपटीवाला

पोचल्यावर फोटो टाका. दोघांचा, एकत्र!